बिल्डिंगचा वैद्य

त्या चार मजली बिल्डिंगमध्ये त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. तुंबलेल्या पाइपाला कान लावून, सळई कुठे अडते ते पाहून तो दुखणं नेमकं सांगायचा, म्हणून सगळे त्याला वैद्य म्हणत. "वैद्य, तिसऱ्या मजल्याचं पोट साफ होईना हो," अशी हाक आली की हा बादली नि सळया घेऊन निघायचा. वरचे खालच्यांवर ढकलायचे, खालचे वरच्यांवर, आणि शेवटी "वैद्याला विचारा" यावर भांडण थांबायचं. सव्वीस वर्षांत त्याचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. मिरवण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

राहायला पंपाशेजारची खोली, बिल्डिंगनेच दिलेली. बायकोचे गुडघे गेलेले. जिना चढावा लागत नाही म्हणून तिला ती खोली म्हणजे राजवाडा.

तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. महिनाभर त्यांच्या मोरीच्या जाळीतून रोज सकाळी घाण वर येत होती. नुसतं पाणी नव्हे, मैला. वैद्याने पहिल्याच दिवशी वर मान करून पाहिलं. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी गॅलरीत नवा संडास बांधला होता. तो मैल्याच्या मोठ्या पाइपाला जोडायचा तर दोन भिंती फोडाव्या लागल्या असत्या. म्हणजे तो मोरीच्या बारीक पाइपातच घुसवला असणार, आणि तेवढा लोंढा न पेलून बाईंच्या जाळीतून वर येत असणार.

खात्री करायची रीत सोपी होती. वरच्या संडासात लाल रंग ओतायचा आणि तो कुठे निघतो ते बघायचं.

अध्यक्षांनी हसून दार उघडलं, रंग ओतू दिला आणि जिन्यापर्यंत सोबत आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात त्याच्या अंगाला लागला.

"नीट बघ हं, घाई नको. मागच्या मीटिंगमध्ये तुझ्या खोलीचा विषय निघाला होता. सामान ठेवायला हवी म्हणे लोकांना. मीच म्हटलं, वैद्य घरचा माणूस आहे, त्याला कुठे हलवता."

वैद्य खाली आला. "आत येऊ नका बाई, घसराल," असं म्हणून त्याने मोरीचं दार लोटून घेतलं. मिनिटभरात जाळीतून बुडबुडे आले आणि मागोमाग लालभडक पाणी. तो बघत उभा राहिला. मग त्याने नळ सोडला नि बादल्यांवर बादल्या ओतल्या. लादी पांढरी झाल्यावरच दार उघडलं.

"दोष तुमच्याच लाइनीत आहे, बाई. लादीखाली पाइप तुंबलाय. उखडावं लागेल."

"अगं बाई! आणि मी उगाच वरच्यांना शिव्या घालत होते." त्या ओशाळल्या. "बरं झालं तुम्ही पाहिलंत, दादा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर मी ऐकलंच नसतं."

मीटिंगमधली गोष्ट बायकोच्याही कानावर आली होती. दुपारी तिने विचारलं, "खोली राहिली ना आपली?"

"राहिली."

"मग तोंड का असं? जेवा की."

त्याने दोन घास खाल्ले आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी त्याने लादी उखडली. खालचा पाइप निघाला धडधाकट. उतार बरोबर, सांधे घट्ट, आत कचऱ्याचा कण नाही. असा पाइप बसवणाऱ्याच्या पाठीवर त्याने एरवी थाप दिली असती. त्याने हातोडा उचलला आणि मधोमध घातला. बाईंना दाखवायला काहीतरी हवं, म्हणून सकाळीच अंगणातल्या मोठ्या चेंबरमधून केसांचा एक गुंता काढून त्याने फडक्यात बांधून आणला होता.

"सापडलं का काही?" बाईंनी दारातून विचारलं.

"हे बघा. एवढ्याने अडलं होतं सगळं."

बाई चष्मा लावून वाकल्या. गुंत्याचं एक टोक सुटून लोंबत होतं. हातभर लांब, काळेभोर केस. बाईंचे केस मानेवर कापलेले होते, आणि सगळे पांढरे.

त्यांचा हात आपल्या मानेवरच्या केसांकडे गेला. वैद्याला तेव्हा कळलं. त्याने मूठ मिटून घेतली, पण उशीर झाला होता.

"अठरा वर्षं मी इथे एकटी राहते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. मग त्यांनी छताकडे पाहिलं, फुटलेल्या पाइपाकडे पाहिलं. त्याच्याकडे मात्र पाहिलं नाही. "फोडलाच आहे, तर आता नवा घाला."

"बाई, मी..."

"घाला म्हटलं ना."

त्याने नवा पाइप घातला. उतार दोनदा मोजला, पट्टी लावून तिसऱ्यांदा मोजला. इतकं सुबक काम त्याने आयुष्यात केलं नसेल. लादी बसवताना वर कोणीतरी संडासात पाणी ओतलं. पाइपातून खळखळ उतरत आली. त्याने जाळीवर फडक्याचा बोळा दाबून धरला आणि आवाज थांबेपर्यंत तसाच बसून राहिला.