ऊन खाणारे गुरुजी

आमचे विज्ञानाचे गुरुजी मासोळीसाठी अक्षरशः वेडे होते. शाळेत डबा उघडला, की रश्श्याचा भुरका मारून विचारायचे, "मी काय खाऊन राहिलो?" पोरं ओरडायची, "ऊन!" मी मराठी शिकवायची. मला वाटायचं, गेलं बाई यांचं डोकं!

पण गणित पक्कं होतं. "शेवाळ ऊन खाते, बारकी मासोळी शेवाळ खाते, मरळ तिले खाते अन् मी मरळीले. दर तोंडाले दहातला एकच वाटा भेटते, बाई. बाकीची ऊब होऊन उडून जाते." त्यांच्या टेबलावर वह्या, बेडकाची बरणी आणि सांडलेला चिवडा. मी रागावले, की म्हणत, "पसारा फुकट होते. आवराले जोर लागते, अन् जोर उनातून येते. आज आभाळ हाय!" कप्पाळ!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी एका उन्हाळ्यात गावतलावात जाळ्याला बोटाएवढीच मासोळी लागू लागली. मासे धरून पोट भरणारा सोमा ढिवर हवालदिल झाला. गुरुजींनी गाव जमवून विचारलं, "बियाण्याचं धान कांडून भात रांधता का?" झालं! तलावात नवं पाणी आलं, की मासोळी अंडी घालते, म्हणून तेव्हापासून पोळ्यापर्यंत कोणी जाळं टाकायचं नाही, असं ठरलं.

आणि त्याच आषाढात गुरुजींची तुमसरला बदली झाली. निरोपाच्या जेवणाला सरपंचांनी प्रेमापोटी गुपचूप मरळ धरून आणली. घंगाळात जिवंत, पोट गाभोळीनं, अंड्यांनी टम्म! महिनाभर जाळं खुंटीला टांगून बसलेला सोमा दारातून टक लावून पाहत होता. गुरुजींनी ती खाल्ली असती, तर उद्या सारं गाव तलावात उतरलं असतं.

गुरुजींनी घंगाळात दोन्ही हात घातले. "सरपंचजी, हिच्या पोटात पुढचं साल हाय." आणि मरळ छातीशी धरून तलावाकडे पळत सुटले! निरोपाचे वाजंत्रीवाले वाजवतच मागे. मरळीनं शेपटीनं गुरुजींच्या दोन्ही गालांवर फटाफट दिल्या. सरपंच हसून हसून चिखलात बसले. पाण्यात सोडली तेव्हा सोमानं एवढ्या जोरात टाळी वाजवली, की बगळे उडाले.

इतक्यात एसटी आली. जेवण राहिलंच. मी वांग्याच्या भाजीचा डबा दिला आणि हात धुवायला तांब्या पुढे केला. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"राहू द्या, बाई. तुमसर येईपर्यंत वास तरी खाऊ द्या."

मी खदखदून हसले, आणि गाडी हलल्यावर तशीच हुंदके देऊन रडले.