सरळ पाणी

मैनूचाचा विहिरीत उतरण्याआधी काठावर उभे राहून दोन्ही हात झटकत. पिळलेला टॉवेल झटकावा तसे खांद्यापासून सैल सोडत आणि मगच सुळकन पाण्यात जात. वय पासष्टीच्या पुढचं, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, दाढी मेंदीनं लाल. आमच्या बेंबळी गावाच्या आसपास कुणाची पाणी उपसायची मोटार विहिरीत पडली, की दोर बांधून ती वर काढायला चाचांनाच बोलावणं जाई. पोहायला शिकवणं हा काही त्यांचा धंदा नव्हता, पण गावातली आमची अख्खी पिढी पाठीला भोपळा बांधून त्यांच्याच हाताखालून गेली.

मी त्यांचा खरा शिष्य झालो तो मात्र पस्तिसाव्या वर्षी. धाराशिवला नोकरी, पोट सुटलेलं, आणि खात्याच्या क्रीडा स्पर्धेत फ्रीस्टाइलसाठी मी फुशारकीनं नाव देऊन बसलेलो. सराव सुरू केला आणि आठ दिवसांत खांदा असा धरला, की शर्ट घालायला बायकोला हाक मारावी लागे. रविवारी गावाकडं गेलो. चाचांनी मला विहिरीत दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं दत्ता, पाण्यात हात राबतोय. भाईर आला की त्याची सुट्टी. तू सुट्टीत बी त्याला कामाला जुंपतूस, मूठ आवळून! मग खांदा रडंल न्हाय तर काय?"

त्यांचा इलाज अघोरी होता. भिंतीला खेटून पोहायचं. हात काठीसारखा ताठ फिरवला की बोटं दगडावर सोलवटायची. दोन सोमवार मी बोटांना हळद लावून कचेरीत गेलो. तिसऱ्या रविवारी कोपर आपोआप आधी वर यायला लागलं. त्याच्याखाली हात सैल लोंबत, बोटं पाण्याला शिवत पुढं जायची.

"बघ, म्या कुठं शिकवलं? भिंतीनं शिकवलं," चाचा म्हणाले.

पण सुधारला तो नुसता डावा हात. आमच्या विहिरीत टक्कर होऊ नये म्हणून सगळे एकाच अंगानं गोल फिरतात, भिंत कायम डावीकडं. लहानपणापासून मीही तसाच फिरलेलो. उजव्या हातासाठी चाचांनी मला उलटं फिरवलं, तेव्हा या पट्टीच्या पोहणाऱ्यानं नवशिक्यासारख्या गटांगळ्या खाल्ल्या. चाचा पायरीवर बसून पोट धरून हसले. मग हसू ओसरलं तसे विहिरीच्या गोल भिंतीकडं बघायला लागले.

"मला बी लई वाटतंय, एकडाव सरळ पवावं," ते म्हणाले. "सारी उमर गोल फिरण्यात गेली. चार हात मारले की भिंत. तुझ्या त्या धाराशिवच्या टँकावर मला घिऊन चल की. पवू न्हाय दिलं तर नुसतं बघीन. तुझा हात बी बघीन."

मी 'नेतो' म्हणालो. मनापासून म्हणालो.

स्पर्धेला चार दिवस राहिले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचे साहेब आले, त्यांच्या मिसेस आल्या, गॉगल लावलेले सहकारी आले आणि त्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहून "आरं दत्ता, कोपर!" असं ओरडणारे लाल दाढीचे चाचा आले. मला त्यांची लाज वाटली. हे लिहितानाही लाज वाटते आहे, पण ती माझी. मी फोन केला आणि सांगितलं, "चाचा, बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत."

"बरं बेटा," ते म्हणाले. "कायदा असंल. तू कोपर तेवढं बघ."

स्पर्धेत मी दुसरा आलो आणि खांद्यानं कुरकुरसुद्धा केली नाही. पुढच्या रविवारी मोठ्या कौतुकानं चाचांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चाचांनी तो डोळ्यांजवळ धरून दोनदा पाहिला.

"उजवं कोपर बी उठाया लागलं की!" असं म्हणून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही मागं बसलेली कोन?"

मागं पायऱ्यांवर लोकांची बायकापोरं बसली होती. टोपी घातलेले एक आजोबा नातवाला मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होते.

"खात्यातलीच," मी म्हणालो.

चाचांनी ओल्या बोटांचे डाग लुंगीला पुसून मोबाइल परत दिला. "पुढल्या साली पयला ये," एवढंच म्हणाले.

पुढच्या वर्षी मी त्यांना नेणारच होतो. निदान स्वतःला तसं सांगत तरी होतो. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत चाचा गेले.

चाचींना भेटायला गेलो, तो सगळं कबूल करायचं ठरवूनच. म्हणालो, "चाची, त्यांना एकदा टँक दाखवायचा राहिला..."

"तुला ठाव न्हाय व्हय?" चाची म्हणाल्या. "तुझ्या खेळाच्या दिशी सकाळच्या यष्टीनं गेले हुते की, भाईरनं तरी बघतो म्हनून. इस्त्रीचं शर्ट घालून. फाटकापासनं माघारी आले."

"कुणी अडवलं?"

"कुणी न्हवतंच म्हनले फाटकावर. उघडंच हुतं. आतलं पानी बी दिसत हुतं, लई निळं. पन आत सोडत न्हाईत म्हनून तूच सांगितलं हुतंस न्हवं? म्या घुसलो तर बोल दत्तावर यील, म्हनले, अन् आले."

चाचींनी माझ्यापुढं चहा ठेवला. मी तो प्यायलो. आत जायला कुणालाच मनाई नव्हती, हे मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही.