लाजरा खांदा

फोन आला तेव्हा नारे तिच्या तळघरातल्या क्लासची फरशी पुसत होती.

"टीचर, राग मानू नका हं," एका विद्यार्थिनीची आई म्हणाली, "पण तुम्ही चोरीचा नाच शिकवता असं सगळीकडे चाललंय. उद्यापासून आमची मुलगी येणार नाही."

फोन ठेवला आणि नारेने हातातलं ओलं फडकं समोरच्या आरशावर फेकून मारलं. फडकंच ते. चप्प करून खाली पडलं. काहीतरी फुटलं असतं तर निदान बरं तरी वाटलं असतं.

चोरीचा नाच! आता काय बोलायचं माणसाने? ज्या नाचावर शाळाशाळांतली पोरं खांदे पाडत होती, लग्नात नवरे नाचत होते, तो नाच ह्याच फरशीवर, ह्याच आरशासमोर, हिनेच बसवला होता. आपल्याच क्लासमध्ये आपलाच नाच शिकवतानाचा व्हिडिओ तिने टाकला, तर कंपनीने तक्रार करून तो उडवला. आता तिथे करड्या चौकटीत एक ओळ दिसायची, कॉपीराइटचा भंग झाल्यामुळे व्हिडिओ काढून टाकला आहे. लोक तेवढंच वाचतात. खरं काय ते विचारायला कोण येतंय?

नारेचं आडनाव प्यो. बुसानजवळच्या देब्योन बंदरातली, मच्छीमाराची मुलगी. शाळा संपल्या संपल्या एक बॅग घेऊन सोलला आली आणि वर्षानुवर्षं गायकांच्या मागे नाचली. टीव्हीवर तिचा चेहरा कधी धड दिसला नाही. कॅमेरा गाणाऱ्यावर आणि ही त्याच्या कोपरामागे. आई होती तोवर फोन करून विचारायची, "आज तू कुठली गं?" ही सांगायची, "डावीकडून तिसरी, लाल बूट." मग आई शेजारणींना लाल बूट दाखवायची. गुडघे गेले तेव्हा नारे नाच बसवायला लागली. वाटलं, आता तरी नाव लागेल. कसलं काय!

ह्या धंद्याची रीतच तशी आहे. नवीन गाणं आलं की कंपनी ते चार-पाच जणांना पाठवते. प्रत्येकाने नमुन्याचा नाच बसवून पाठवायचा. मग कंपनीतले शहाणे ह्याचे पाय, त्याचे हात, तिची गिरकी उचलतात आणि गोधडी शिवावी तसा एक नाच शिवतात. ज्याचा तुकडा उचलला त्याच्या हातावर नमुन्याचे चार पैसे टेकवायचे, आणि नाव लावायचं कंपनीच्या नृत्य विभागाचं. कागदावर सही सगळेच करतात, कारण सही केली नाही तर पुढचं गाणं येत नाही. नारेनेही केली होती.

पण ह्या वेळी कंपनीने हिचा तुकडा उचलला तो गाण्याच्या धृपदाचा. डावा खांदा खाली, उजवा अर्ध्या ठोक्याने त्याच्या मागून, मनगटांना झटका आणि मान एकदम बाजूला. लोकांनी त्याला 'लाजरा खांदा' म्हणायला सुरुवात केली. ते गाणं नऊ मुलींच्या एका ग्रूपचं. त्यांच्यातली थोरली मुलाखतीत डोळे मिचकावत म्हणाली, "हे ना, आम्हाला सराव करता करता सुचलं!" नारे तेव्हा जेवत होती. तिच्या हातातल्या काड्या तशाच राहिल्या.

तिला पैसे नको होते. कायदा एक गोष्ट मानतो, की नाचाचे हक्क विकता येतात, पण ज्याने तो केला त्याचं नाव विकता येत नाही. सही केली तरी नाही. तेवढ्यावर भिस्त ठेवून तिने सरकारी मध्यस्थांकडे तडजोडीचा अर्ज टाकला. माझं नाव लावा आणि मी चोर नाही हे चार लोकांत सांगा. बस्स, एवढंच मागणं.

कंपनीचं उत्तर आलं. ती हालचाल म्हणजे मच्छीमारांचं जाळं झाडणं आहे, फार जुनं आहे, कोणा एकाचं नाही, तेव्हा नाव लावण्याचा प्रश्नच येत नाही.

"कोणाचं नाही? मग माझा व्हिडिओ कोणाचा म्हणून उडवलात, भामट्यांनो?" रिकाम्या क्लासमध्ये नारे एकटीच ओरडली.

जाळं झाडणं होतंच ते, तिने कधी नाकारलंच नव्हतं. वसंतात होड्या देब्योनच्या धक्क्याला लागल्या की जाळ्याच्या डोळ्याडोळ्यांत बोटाएवढी चंदेरी मासळी अडकलेली असते. खलाशी रांगेत उभे राहतात आणि "एssया, चाss!" करत ते जाळं झाडतात. मासळी हवेत उडते, खवले तोंडावर येतात. डोळे वाचवायला मान फिरवावी लागते. लाज कसली डोंबलाची! लहानपणी नारे धक्क्यावर बापासमोर उभी राहून त्याची नक्कल करायची. तोच झटका, तीच मान. अख्खी होडी खो खो हसायची.

म्हणून तिने ठरवलं, अप्पांनाच साक्षीला न्यायचं. पोरीने हे कुठून उचललं, किती वर्षं अंगात मुरवलं आणि त्याचा नाच कसा केला, ते अप्पांइतकं कोण सांगणार?

तिच्या बापाने, दक्सूने, सत्तरी ओलांडली होती, पण अजून जाळ्यावर उभा राहायचा. सोलला यायचं म्हणून त्याने आपला एकुलता एक कोट काढला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून बाही चढवायला नारेला मागे उभं राहावं लागलं. पुतण्याच्या लग्नात शिवलेला कोट. दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून शिंप्याने डावीकडे चांगला मूठभर जास्तीचा कापूस भरला होता.

"ऐटबाज दिसताय, अप्पा."

"गप गं. गळा आवळतोय."

तडजोडीच्या खोलीत लांबलचक टेबल, मध्यस्थ म्हणून एक चष्मेवाल्या बाई आणि समोर कंपनीचे वकील मेंग. मेंग म्हणजे साखरेचं पोतं. उठून कमरेत वाकून नमस्कार काय, दक्सूला स्वतःच्या हाताने बार्लीचा चहा ओतून देणं काय!

"काका, किती लांबून आलात! यंदा मासळी कशी काय?"

दक्सूची कळी खुलली. वारा, पाणी, मासळीची चरबी, सगळं सांगून झालं. मग मेंगनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नाच लावला. दक्सूने एकदा वर पाहिलं आणि झटकन मान खाली घातली. पहाटेच्या गाडीने थकला असेल, असं नारेला वाटलं.

"हे जाळं झाडणंच ना, काका?"

"हो, तेच असणार."

"तुमच्या होडीवर सगळेच करतात?"

"सगळेच. एकट्याने जाळं झाडलं जातं होय?"

"म्हणजे ही काही तुमच्या घरची खास रीत नाही."

"छे छे! माझ्या आज्याच्याही आधीची आहे. सगळ्या बंदराची. मी माझी म्हणालो तर उद्या बंदरात तोंड कसं दाखवू?"

नारेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. दक्सूने पाय बाजूला घेतला.

"धन्यवाद, काका. फार सरळ माणूस आहात," मेंग म्हणाले, आणि त्यांनी नारेपुढे एक तयार कागद सरकवला. ही हालचाल सार्वजनिक आहे आणि माझा तिच्यावर कसलाही दावा नाही, एवढं कबूल करा. आम्ही तक्रार मागे घेतो, व्हिडिओ परत दिसेल, सगळे खूश. पुढच्या गुरुवारी सही करून आणा. मध्यस्थ बाईंनीही गुरुवारची तारीख टाकली.

बाहेर आल्या आल्या नारेचा तोल सुटला.

"अप्पा, तुम्ही साक्षीदार कुणाचे होतात? माझे की त्यांचे?"

"मग काय खोटं बोलू? होडीवरचा चिलबोक, बाकीची पोरं, सगळ्यांच्या घामाचं मी माझ्या नावावर करू?"

"तुमच्या नाही हो, माझ्या! मी त्याचा नाच केला! चार महिने गुडघ्याला बर्फ बांधून केला!"

"नाच तुझा असेल. जाळं नाही."

"त्यांना जाळं कुठे हवं होतं? त्यांना तुम्ही माझं नाव देऊन आलात!"

दक्सू पाठ फिरवून स्टेशनकडे चालायला लागला. तो खोटं बोलला नव्हता हे नारेला कळत होतं, आणि म्हणूनच तिच्या अंगाची जास्त लाही होत होती. तो खोटारडा असता तर भांडून मोकळी झाली असती. म्हाताऱ्याला एकट्याने गाड्या बदलता येत नाहीत, तेव्हा पोचवायला तर जायलाच हवं होतं. बुसानपर्यंत दोघं शेजारी बसली. मधे त्याने किंबापची, भाताच्या गुंडाळीची, एक चकती पुढे केली. तिने मान वळवली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी ती धक्क्यावर गेली. कागद बॅगेत होता. करावी सही, मिटवावं एकदाचं, निदान मुली तरी क्लासला परत येतील, असं तिच्या मनाने जवळजवळ घेतलं होतं. होडी लागलेली, जाळं अर्धं झाडून झालेलं, माणसं दम खायला बसलेली. दक्सू पलीकडे नळावर तोंड धूत होता. त्याचा जुना जोडीदार चिलबोक सोजू दारूची बाटली गुडघ्यात धरून बसला होता.

"काय गं नारे, राजधानी जिंकलीत का?"

"विचारा तुमच्या मित्राला! सगळं वाटून आलाय. घ्या, तुमचाही वाटा आहे म्हणे त्यात."

"अगं, चावतेस कशाला? दाखव तरी काय नाच आहे तो."

तिने फोन त्याच्या अंगावर जवळजवळ फेकलाच. चिलबोकने बोटावरचा खवला विजारीला पुसला, डोळे बारीक केले. गाण्याचं धृपद आलं आणि त्याच्या तोंडातली सोजू बाहेर उडाली.

"आयला! अरे, हा तर दक्सूचा खांदा!"

"कोणाचा?"

"दक्सूचा मोडका खांदा गं! बघ ना, डावा आधी पडतो आणि उजवा लंगडत मागून येतो. ए, या रे सगळे! नऊ-नऊ दक्सू! आणि स्कर्ट घालून!"

खलाशी गोळा झाले. हसून हसून एकाला ठसका लागला, दुसरा उभा राहून डावा खांदा पाडून दाखवायला लागला. वर्षानुवर्षं ज्याच्या शेजारी उभं राहून जाळं झाडलं, त्याचा खांदा ओळखायला त्यांना पुरावे लागत नव्हते.

नारे हसली नाही. "काका, एकदा झाडा ना," ती म्हणाली. "सगळे मिळून झाडा."

माणसं रांगेत उभी राहिली. एssया, चाss! दोन्ही खांदे एकदम खाली, दोन्ही एकदम वर. चिलबोकचे तसेच, त्याच्या शेजारच्याचे तसेच, टोकाच्या नव्या पोराचेही तसेच. अर्धा ठोका मागे कोणीच नव्हतं. अख्खं लहानपण ह्या रांगेसमोर उभी राहिलेली ही बया, पण तिने त्या रांगेत एकच माणूस पाहिला होता. बाप जसा झाडतो तसंच सगळे जाळं झाडतात, असं धरून चालली होती.

"काय तमाशा लावलाय?" दक्सू तोंड पुसत आला.

"अप्पा, काल तुम्ही तो नाच नीट पाहिलात का?"

"कसा बघणार? पोरींच्या अंगावर धड कपडा होता का? समोर त्या चष्मेवाल्या बाई बसलेल्या. मी टेबलाकडे बघत होतो."

नारेने कपाळावर हात मारला. मग फोन त्याच्यापुढे धरला. "आता बघा. पोरींकडे नका बघू. खांद्याकडे बघा."

दक्सूने पाहिलं. पुन्हा लाव म्हणाला. पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा बघताना त्याचा उजवा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला, जिथे रबरी कपड्याखालीही वाकडं हाड वर आलेलं दिसत होतं. आसपासचं हसणं हळूहळू थांबलं.

"काय म्हणतात म्हणालीस ह्याला?"

"लाजरा खांदा."

"लाजरा?" म्हाताऱ्याचा चेहरा तांबडालाल झाला. "लाजतोय कोण? दुखतो तो! तू जन्मलीस त्या वर्षी दोर ओढायच्या यंत्रात सापडला, हाड वाकडं बसलं. तेव्हापासून एक झटका, एक कळ. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात चार माणसांसमोर उघडा बसलो नाही मी ह्याच्या पायी! आणि ह्या टवाळांना त्यात लाज दिसली? माझ्या दुखण्यावर नाचतात आणि वर म्हणतात, कोणाचं नाही?"

"मग काल हे का नाही बोललात, अप्पा?" नारेचा आवाज चिरकला.

"काल जाळ्याचं विचारलं. जाळं सगळ्यांचं, आजही तेच सांगेन. खांद्याचं कोणी विचारलं?"

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि रांगेतल्या आपल्या जागी जाऊन उभा राहिला. जाळं हातात घेतलं. मग मागे वळून ओरडला,

"गुरुवार ना?"

"हो, गुरुवार."

"त्या कागदावर सही करायची नाही. आणि माझा कोट बाहेर काढून ठेवू नकोस. कोटात खांदा दिसत नाही."