तार उपटणारे मास्तर

विमान आकाशात सुरळीत चाललेले असताना इंटरनेटची तार उपटून टाकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. दौंडला आणि आसपासच्या छोट्या स्टेशनांवर त्यांनी स्टेशनमास्तरकी केली आणि निवृत्त होऊन शिरूरला, बायकोच्या माहेरी, घर बांधले. शिरूरला रेल्वे नाही. "रूळ न्हाईत, म्हणून हवेतनं जातो," असे ते म्हणायचे.

मी तेव्हा शिरूरला कॉम्प्युटर क्लास चालवत होते. मास्तर टायपिंग शिकायला आले आणि विमान उडवायचा खेळ शिकून बसले. ब्रॉडबँड आल्यावर तो खेळ जगभरच्या हौशी लोकांबरोबर खेळता येऊ लागला. काही जण विमाने उडवत. काही जण घरी बसून कंट्रोलर होत आणि माइकवर इंग्रजीत सूचना देत. कंट्रोलर हजर असला की त्याच्याशी बोलूनच उतरायचे, असा नियम. इथे मास्तरांचे घोडे अडायचे. पडद्यावर मुंबईच्या कंट्रोलरचे नाव उमटले की त्यांचा हात टेबलाखाली जायचा.

"तार निघाली वाटतं, म्याडम."

"तार आपोआप निघत नाही, मास्तर."

"उंदीर असंल."

एकदा मी वैतागून म्हणाले, "घाबरता कशाला? विमान खोटं आहे."

"विमान खोटं हाय, पलीकडचा माणूस तर खरा हाय ना? जल्मभर फोनवर बोललो, पण हिंदीत. इंग्रजी नुसती रजिस्टरात लिहिली. चारचौघांत चुकलो, तर या वयात तोंड कुठं लपवू?" मग हळूच म्हणाले, "एकदा तरी मुंबईला इज्जतीनं उतरायचंय. रोज चोरासारखं पळून जातो."

त्यावर मला हसता आले नाही. मी म्हटले, "ड्यूटीवर करत होतात तसंच करा की."

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन्सिल घेऊन हजर. रेल्वेत निरोप ऐकायचा, लिहायचा, परत वाचून दाखवायचा आणि पक्का झाल्याची खूण म्हणून समोरच्याकडून दोन आकडी 'प्रायव्हेट नंबर' घ्यायचा, अशी रीत. आठवडाभर मी शेजारच्या खोलीतून कंट्रोलर होऊन ओरडत होते आणि मास्तर उत्तरे देत होते. "परत म्हणून दाखवलं की चूक एकट्याची ऱ्हात न्हाई," ते मलाच समजावायचे.

रविवारी दुपारी मी तारेवर पाय ठेवून बसले. मुंबईचा कंट्रोलर म्हणून बसलेला बंगळुरूचा कोणी इंजिनिअर होता. मास्तरांनी माइकचे बटण दाबले. पहिल्यांदा नुसता श्वास गेला. दुसऱ्यांदा विमानाचा नंबर गेला. सूचना आली, ती त्यांनी वहीत लिहिली आणि वाचली. धावपट्टीचा आकडा चुकला. कंट्रोलरने शांतपणे दुरुस्त केला, मास्तरांनी खोडून पुन्हा वाचला. बरोबर. आणि मग सवयीने म्हणाले, "प्रायव्हेट नंबर प्लीज."

"पुन्हा सांगता का?" कंट्रोलरने इंग्रजीत विचारले.

मास्तरांनी मोडक्या पण न थांबणाऱ्या इंग्रजीत त्याला रेल्वेची अख्खी रीत सांगितली. इतकी इंग्रजी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. पलीकडे हसू फुटले. "फोर सेव्हन," कंट्रोलर म्हणाला. मास्तरांनी आकडा वहीत लिहिला, विमान उतरवले आणि मगच घाम पुसला.

पुढे जवळजवळ दोन वर्षे दर रविवारी दोघांचे बोलणे चाले. नंबर न मागता मिळू लागला. मास्तरांच्या इंग्रजीत फारसा फरक पडला नाही. टेबलाखाली हात जायचा मात्र बंद झाला.

मास्तर छातीच्या दुखण्याने गेले. दोनच दिवस दवाखान्यात होते. काही आठवड्यांनी, एका रविवारी, त्यांचे खाते बंद करायला मी ते उघडले. लगेच पडद्यावर कंट्रोलरचा मजकूर आला: मास्तर, इतके दिवस कुठे होता?

टाइप करून कळवता आले असते. पण ही बातमी टाइप करायची नाही, एवढे मला कळत होते. मास्तरांना इतका धीर देणाऱ्या मी ते बटण स्वतः कधीच दाबले नव्हते. दाबले, आणि नुसता श्वास गेला.

कंट्रोलरने उतरायला आलेल्या दोन विमानांना वरच घिरट्या घालायला सांगितले. मग हिंदीत म्हणाला, "आराम से बोलिए. मैं सुन रहा हूँ."

मी सांगितले.