डोक्याकडची दोरी

सासूबाई गेल्या तेव्हा मला दुःखाच्या आधी धास्तीच वाटली. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच. एडिनबराच्या बाहेर त्यांचं लहानसं गाव. तिथंच, सासऱ्यांशेजारी, स्कॉटिश रीतीनं आपलं दफन व्हावं, हे त्यांनी आम्हाला आमच्या नॉटिंगहॅमच्या घरात शंभरदा बजावलं होतं. त्या रीतीत कॉफिनला, म्हणजे शवपेटीला, दोऱ्या असतात आणि घरच्याच माणसांनी त्या धरून ते खाली उतरवायचं असतं. डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. आणि थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा अँगस, नेमका त्याच आठवड्यात बर्फावर घसरून खांदा मोडून बसलेला! तो शांतपणे म्हणाला, "माझ्या जागी तू धर. आईला आवडेल ते."

त्याला बोलायला काय जातंय! मी पुण्याची. आमच्या घरात बायका स्मशानात जात नसत. माझ्या वडिलांनासुद्धा मी दारातूनच शेवटचा नमस्कार केला. दोरी सुटली, कॉफिन कलंडलं, तर? सगळ्या गावादेखत सासूबाईंची विटंबना, आणि ती माझ्या हातून. ज्या बाईनं मला परकी म्हणून कधी वागवलं नाही, तिला शेवटचं एवढंही नीट देता येऊ नये? दत्ताचं नाव मी लहानपणापासून घेते, पण त्या दिवसांत माळेचे मणी सरकायचे आणि मन मात्र त्या खड्ड्याच्या काठावर. एकदा तर चिडून म्हटलंही, महाराज, मीच सापडले का तुम्हाला?

त्या दिवशी वारा नुसता झोंबत होता. कॉफिनवर सासूबाईंच्या माहेरच्या टार्टनची, त्या घराण्याच्या खास चौकड्यांची, शाल होती. बॅगपाइप सुरू झाला. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या फ्युनरल डिरेक्टरनं प्रत्येकाला आपापली जागा दाखवली आणि मला हळूच बजावलं, दोन्ही हातांनी धरा, पण हाताला गुंडाळू नका. मी मान डोलावली. आणि वजन आलं मात्र, घाबरून मनगटाला दोन वेढे मारून मोकळी झाले. दत्त, दत्त, दत्त, एवढंच चालू होतं. कॉफिन सरळ खाली गेलं, टेकलं. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी आपापली दोरी आत सोडून दिली.

माझी सुटेना. वेढे मनगटात रुतले होते, बोटं बधिर झाली होती आणि खरं सांगू, मूठ उघडायचं मला धाडसच होत नव्हतं. मिनिस्टर, म्हणजे तिथले पाद्री, प्रार्थना म्हणायचे थांबले. अँगसला एका हातानं काही करता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेवढ्यात करड्या कोटातली एक म्हातारी बाई पुढे आली. तिनं हातमोजा काढला, माझी मूठ आपल्या हातात घेतली आणि एकेक वेढा उलगडला. तिचा हात त्या गारठ्यातही ऊबदार होता.

"तू तिला नीट पोचवलंस, पोरी," ती म्हणाली. "आता सोड."

मूठ उघडली. दोरी आत पडली आणि मला हुंदका फुटला, त्या साऱ्या दिवसांतला पहिला.

नंतर सगळे चहाला गावच्या हॉलमध्ये जमले, तिथं मी तिला शोधलं, पण ती दिसली नाही. अँगसला ती गावातली वाटली होती, गावातल्यांना ती आमच्याबरोबर आलेली. कोण होती ते मी पुढे विचारत बसले नाही. मला एवढंच कळलं, की इतकी वर्षं मी देवाचं नाव घेत आले तेही असंच, मनगटाला वेढे मारून. मी जरा सैल पडले की सगळं कोसळेल, या भीतीनं. त्या दुपारी सासूबाईंना माझ्या एकटीच्या हातांनी तोललेलं नव्हतंच. बाकीची माणसं होती की, आणि त्यांच्याही पलीकडे तो होता.

महाराज, सासूबाई तुमच्या हवाली केल्या आहेत. बोलायला फटकळ आहेत, पण मनानं फार चांगल्या. आता त्या तुमची जबाबदारी, आणि मीही.