वायान वर, न्योमान खाली

माझा दीर न्योमान रेंतुग याच्याइतका गुणी माणूस आमच्या बान्जारात, म्हणजे वस्तीत, दुसरा नाही, आणि त्याच्याइतका बुळाही नाही. दोन्ही गोष्टी मी त्याला तोंडावर सांगते आणि तो दोन्हींना मान डोलावतो. सानूरच्या एका हॉटेलात तो दुरुस्तीच्या कामावर आहे. हॉटेलवाल्यांनी भंगारात काढलेली वस्तू त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या खोलीत पंख्यांचा ढीग आहे, त्यातले दोन फिरतात. दार नसलेला एक फ्रीज आहे, त्यात तो कपडे ठेवतो.

हे तिघे भाऊ. थोरले वायान कांता, आमच्या बान्जारचे क्लियान, म्हणजे मुखिया. वस्तीतलं लग्न असो की गटार, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. मधला मादे म्हणजे माझा नवरा, त्याला झुंजीच्या कोंबड्यांपलीकडे जग नाही. धाकटा हा न्योमान. आमच्याकडे नाव ठेवायला डोकं चालवावं लागत नाही. पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवा झालाच तर पुन्हा वायानपासून सुरुवात. बाजारात "वायान" अशी हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघतो. पण त्या नावाबरोबर जागाही येते. वायाननं वर बसायचं, न्योमाननं खाली. न्योमाननं थोरल्या भावाला कधी "नाही" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. तरुणपणी त्याला एक मुलगी आवडली होती. थोरल्या भावाला आमच्याकडे ब्ली म्हणतात. ब्ली वायान म्हणाले, "ही नको." हा म्हणाला, "बरं ब्ली." अजून एकटाच आहे.

टेलिफोनची तार माझ्या दुकानात होती, म्हणून त्या वर्षी इंटरनेटही माझ्याच दुकानात आलं. तिथून एक तार शेजारच्या सभामंडपात पोरांच्या संगणकांना गेली, एक आमच्या घरात. आठवड्याच्या आत घरचा संगणक आजारी पडला. चालू केला की पाटी यायची, 'एका मिनिटात बंद होत आहे', आणि खरंच बंद व्हायचा. दिलेला शब्द पाळणारं या घरात कोणीतरी आलं एकदाचं, असं माझा नवरा म्हणाला.

न्योमान मला म्बोक म्हणतो, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. तो म्हणाला, "म्बोक, दारात आलिंग-आलिंग नसेल तर दुसरं काय होणार?"

घराच्या दरवाजातून आत आलं की समोर आडवी भिंत असते, ती आलिंग-आलिंग. माणूस तिला वळसा घालून जातो. भुताखेतांना वळता येत नाही, ती भिंतीवर आपटून परत जातात. इंटरनेटच्या दारातही तसली भिंत हवी, तिला फायरवॉल म्हणतात, असं त्यानं मला समजावलं. ती त्यानं स्वतः बांधली. हॉटेलच्या स्वागतकक्षातून काढलेला एक जुना संगणक आणला आणि त्यात तीन नेटवर्क कार्डं बसवली. एक बाहेरच्या तारेला, एक मंडपाला, एक आमच्या घराला. नावं अर्थातच वायान, मादे, न्योमान. बाहेरचं दार सांभाळणारा वायान चांगला लांबलचक होता. मधल्या खाचांत घातला तर पुढच्या डिस्कला टेकायचा. त्याला एक तर सगळ्यात वरची खाच लागायची, नाहीतर सगळ्यात खालची. घरच्या थोरल्यासारखाच, मी म्हटलं. न्योमाननं इकडेतिकडे बघून मग हसून घेतलं.

डब्याला त्यानं दारातल्या दगडी राखणदाराला गुंडाळतात तसं काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं फडकं गुंडाळलं आणि माझ्या शेवयांच्या फळीवर ठेवला. त्या दिवसापासून संगणक ठणठणीत.

आता माझी गोष्ट. माझा मुलगा गेडे (पहिल्याला हेही नाव चालतं) प्रवासी जहाजाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तो गेला तेव्हा सून कादेक पोटुशी होती. मुलगी झाली ती त्यानं फक्त फोटोत पाहिली. तीन महिने पुरे झाले की आमच्याकडे बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावतात, तोवर ते हातांवरच असतं. तो विधी बुधवारी दुपारी होता. आणि नशीब बघा, त्याच दिवशी गेडेचं जहाज बार्सिलोनाला लागणार होतं. तिथल्या खलाशांच्या कॅफेत तो बसणार होता. मला, त्याच्या आईला, त्यानं लिहिलं होतं, "मेमे, मला बाकी काही नको. तिचे पाय जमिनीला लागताना मला दाखव." मी कादेकला म्हटलं, दाखवणार म्हणजे दाखवणार.

त्याच्या आधीच्या शनिवारी तुम्पेक लांदेप आलं. त्या दिवशी लोखंडाची पूजा. सुऱ्या, कोयते, मोटारसायकली, माझं शिवणयंत्र, आणि आता संगणकही. न्योमाननं फायरवॉलचा डबा अंगणात आणून उघडला आणि कार्डावरची धूळ ब्रशानं झाडू लागला. एवढ्यात डोक्याला पांढरा उदेंग बांधून ब्ली वायान आले. डब्यात डोकावले.

"यातला वायान कुठला?"

"हा, ब्ली. सगळ्यात खालचा."

"खालचा?"

"लांब आहे ना, म्हणून—"

"थोरला तळाला, आणि न्योमान त्याच्या डोक्यावर? अरे, यावर तीर्थ शिंपडायचंय ना? देवाला काय वाटेल?"

देवाला काय वाटलं असतं ते मला ठाऊक नाही. ब्ली वायानना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. न्योमान म्हणाला, "बरं ब्ली." वायानला त्यानं सगळ्यात वरच्या खाचेत बसवलं, खाली मादे, त्याच्याखाली न्योमान. पानांच्या चानांगात फुलं, उदबत्ती, तीर्थ, सगळं यथासांग झालं. डबा फळीवर गेला, चालू झाला, आणि इंटरनेट बंद.

रविवार त्यात गेला. सोमवारी न्योमाननं हॉटेलातून रजा काढली. तारा बदलल्या, पुन्हा खोचल्या, डबा बंद करून पुन्हा चालू केला. माझं एकच टुमणं, "ती मधली भिंत काढून टाक, आणि बाहेरची तार सरळ संगणकाला लाव." शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्यानं लावली. माझी कॉफी संपायच्या आत संगणकावर ती जुनी पाटी आली.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं. मग तुझ्या भिंतीला झालंय काय?"

"मशीनला दोनच कार्डं दिसतायत, म्बोक."

"कुठली दोन?"

"पहिलं आणि दुसरं."

"म्हणजे वायान आणि मादे. न्योमान गेला?"

"तसं वाटतं खरं. पण न्योमानचा दिवा तर लागलाय."

मला असल्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण एकसारख्या तीन तारा बघून कोणाचाही गोंधळ होईल हे कळत होतं. मी पूजेच्या तबकातला दोरा आणला. वायानच्या तारेला लाल बांधला, मादेच्या तारेला पांढरा, न्योमानच्या तारेला काळा. "आता एकेक उपट आणि तुझं मशीन काय म्हणतं ते सांग."

त्यानं लाल उपटली. मशीनला काही पत्ताच नाही. पांढरी उपटली. न्योमान पडद्याकडे बघतच राहिला.

"म्हणतंय, पहिलं कार्ड गेलं."

"पांढरा दोरा तर मादेचा!"

"हो ना. त्याला वायान दिसतच नाहीये, म्बोक. म्हणून तो मादेला वायान समजतोय, आणि न्योमानला मादे. जो आधी दिसेल तो पहिला."

माझं डोकंच फिरलं. "ही काय रीत झाली? ब्ली वायान देवळात आले नाहीत म्हणून माझा नवरा क्लियान होतो का?"

"नको रे बाबा," पलीकडून नवरा कोंबडा चोळता चोळता म्हणाला.

एकदा चोर सापडल्यावर न्योमानच्या हाताला वेग आला. वायान का दिसत नाही ते पाहायला त्यानं त्याला खालच्या खाचेत नेलं आणि मादेला वर बसवलं. डबा चालू केला. लाल दोरा लगेच दिसला. नाहीसा झाला तो पांढरा.

"खोट कार्डात नाही, जागेत आहे," तो म्हणाला. वरच्या खाचेला लागूनच पडद्यावर चित्र पाठवणारं कार्ड असतं. प्रत्येक कार्डाला आतल्या मुख्य चिपला हाक मारायला सभेच्या ठोक्यासारखा आपापला कुलकुल लागतो, आणि त्या दोघांत मिळून एकच होता. मंडपातल्या एकाच लाकडी कुलकुलवर दोन बान्जारांनी ठोके दिले तर कोणाला बोलावलंय हे कोणाला कळणार? चिपला चित्राचीच हाक ऐकू यायची.

मी म्हटलं, "झालं तर. वरची जागा मोकळी सोड आणि वायानला राहू दे खाली."

त्याचे हात थांबले.

"ब्लींनी सांगितलंय ना, थोरला वर."

"मग ब्लींना जाऊन सांग."

"काय सांगू?"

"हेच, की तुमच्यामुळे बंद पडलंय!"

त्यानं ब्रश उचलून धूळ नसलेलं कार्ड झाडायला घेतलं. खरं सांगते, त्या क्षणी त्या माणसाच्या डोक्यात कोयता घालावासा वाटला मला. "न्योमान, माझ्या पोरानं त्याची लेक अजून बघितली नाहीये. ते पाय परवा एकदाच जमिनीला लागणार आहेत. तुला भावाची भीती वाटते म्हणून त्यानं बघायचं नाही?" एवढं बोलून मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

तो जमिनीवर टेकला. डब्याकडे बघत बसला. मी दिलेली काळी कॉफी गाळासकट प्यायला. मग उठला, वरची खाच मोकळी सोडून मादेला वायानच्या वर बसवलं, न्योमानला मादेच्या वर, झाकण लावलं, आणि अख्खा डबा उचलून डोक्यावर उभा केला.

मला वाटलं, याला लागलं वेड.

"आता बघ, म्बोक," तो म्हणाला. "वायान वर. त्याच्याखाली मादे. सगळ्यात खाली न्योमान."

मी शेवयांच्या फळीला धरून हसले. नवरा कोंबडा घेऊन बघायला आला, तोही हसला. न्योमान मात्र कामाला लागला होता. प्रत्येक कार्डाच्या पोटात त्याचा त्याचा नंबर कोरलेला असतो म्हणे. यापुढे आधी कोण दिसतो ते न बघता नंबर बघूनच ओळखायचं, असं त्यानं मशीनला शिकवलं. म्हणजे थोरला गैरहजर असला तरी त्याच्या जागेवर दुसरा कोणी बसणार नाही. संध्याकाळी इंटरनेट सुरू झालं.

मंगळवारी ब्ली वायान पाहणीला आले. हात पाठीशी. "वायान कुठे आहे?"

"सगळ्यात वर, ब्ली."

डब्यावर कंपनीचं नाव उलटं झालं होतं. त्याच्याकडे त्यांनी जरा वेळ मान वाकडी करून पाहिलं. "हं," म्हणाले. "आता कसं." आणि गेले.

बुधवारी अंगण माणसांनी भरलं. खोबरं-मांसाचं लावार झालं होतं, डुक्कर भाजून तयार होतं, पुजारी वेळेवर आले. अंगणातल्या छोट्या मंडपीच्या कडेला न्योमाननं संगणक मांडला, वर कॅमेरा लावला. तार आखूड, त्यामुळे कॅमेरा तिथून तसूभर हलत नव्हता. आवाजही जाईना, नुसतं चित्र. पण चित्र आलं! खलाशांच्या कॅफेत बसलेला माझा गेडे, केस कापलेला, वाळलेला. कादेकनं तोंडावर शेला घेतला. तो हात हलवत होता.

पुजाऱ्यांनी घंटा वाजवली. कादेक बाळाला घेऊन पुढे झाली. आणि क्लियान म्हणून मंडपीच्या वरच्या पायरीवर, पुजाऱ्यांच्या शेजारी, मानाच्या जागी ब्ली वायान उभे राहिले, बरोबर कॅमेऱ्यासमोर.

पडद्यावर गेडेनं लिहिलं, "कोणाची तरी पाठ दिसतेय."

अंगणात ते ज्यांनी वाचलं त्यांनी नजरा खाली घातल्या. क्लियानना बाजूला हो म्हणणार कोण? माझ्या नवऱ्यानं छपराकडे बघितलं. इतकी वर्षं मी न्योमानला बुळा म्हणत आले, पण बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडूनही शब्द फुटेना. पुजाऱ्यांनी बाळाचे पाय तीर्थानं धुवायला घेतले. गेडेनं पुन्हा लिहिलं, "मेमे?"

डबा उलटा करता येतो. माणसाला कसं उलटं करणार?

"ब्ली वायान," न्योमान म्हणाला. सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "तुम्ही खाली बसा."

ब्ली वायान सावकाश वळले. आधी धाकट्या भावाकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग आपल्या पायाखालच्या पायरीकडे. पांढरं धोतर सावरत ते खाली उतरले आणि सगळ्यात खालच्या पायरीवर, पोरांच्या चपलांशेजारी जाऊन बसले.

कादेकनं बाळ खाली धरलं. इवलेसे पाय जमिनीला लागले. थंड लागलं असणार, पोरगी किंचाळली. पुजाऱ्यांनी तिचं नाव घेतलं, "नी लुह सेकारिनी." पडद्यावर माझा गेडे दोन्ही हात तोंडावर धरून बसला होता. मी रडले, कादेक रडली, नवरासुद्धा कोंबड्यांच्या खुराड्याकडे तोंड करून उभा राहिला.

थोड्या वेळानं गेडेनं एवढंच लिहिलं, "दिसली."

न्योमान कॅमेऱ्याची तार मुठीत धरून तसाच उभा होता. थोरल्या भावाकडे बघायची हिंमत नव्हती त्याची. खालच्या पायरीवरून ब्ली वायाननीच हाक मारली.

"न्योमान."

"काय ब्ली?"

"तो डबा उलटा केलायस हे मला कळलं नाही असं वाटलं का तुला?" ते म्हणाले. "अरे, तोंडानं सांगितलं असतंस तर तेव्हाच हो म्हटलं असतं. तू कधी सांगतोस का काही?" आणि शेजारच्या चपला सरकवून त्यांनी जागा केली. "ये, बस इथे. इथून बाळ छान दिसतंय."