होडीतल्या बॅटऱ्या आणि तीन जार पाणी

परवा उजनीच्या काठावर, हातात ड्रिल मशीन असताना माझं सगळंच बदललं. भोक पाडायला फार तर दोन मिनिटं उरली होती...

मी सोलापुरात बॅटरीच्या दुकानात कामाला आहे. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेही सरांच्या केबिनचं दार असं आपटून की काच तडकली. डोकंच तसलं आहे आपलं...

धरणाकाठच्या गावातले एक मामा पक्षी बघायला येणाऱ्यांना छोट्या होडीतून फिरवतात. इंजिनच्या आवाजानं रोहित पक्षी उडून जातात, म्हणून त्यांनी बॅटरीवरची मोटार घेतली. ती बसवायला मी गेलो होतो. मामा मी मुद्दाम म्हणतो, कारण होडी चालवते ती त्यांची मुलगी, अर्चना. समजून घ्या... ती हे वाचेल, वाचू दे.

मोटार मागच्या टोकाला, म्हणून बॅटऱ्याही तिथंच. केबल कमी लागते, काम नीटस दिसतं. मी खुणा करून ड्रिल उचललं, तर मामा म्हणाले, "पावणं, दमा की जरा. आदी वजन ठिवून बगू."

माझं टाळकं फिरलं. "मामा, मी शिकलोय हे!"

"दीड वर्स," अर्चना म्हणाली.

मामा ना हसले ना चिडले. गुपचूप घरातून पाण्याचे वीस लिटरचे तीन जार घेऊन आले. दोन बॅटऱ्यांचं वजन साठ किलो, जारांचंही तेवढंच! ते माझ्या खुणांवर ठेवले आणि अर्चनाला मागं, मोटारीच्या हँडलजवळ बसवलं.

होडीचं तोंड वर आलं, मागची कड खाली गेली... पाणी कडेपासून चार बोटांवर. वाऱ्यानं एक लाट आली ती थेट तिच्या मांडीवर.

"मला बुडवायला आलाय व्हय?" ती हसत होती. जिच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, तिलाच मी पाण्यात घालणार होतो...

मामा मात्र गुडघाभर पाण्यात उभे. जार वीतभर पुढं सरकवायचे, मागं जाऊन कड बघायची, पुन्हा सरकवायचे. शेवटी मधल्या फळीखाली, जरा डावीकडं जागा ठरली, कारण अर्चना हँडल धरायला उजवीकडं कलून बसते. होडी ताटासारखी सपाट झाली.

लॅबमध्ये एवढ्या सबुरीनं विचार करणारा माणूस मी पाहिला नव्हता. वर मामांनी माझा उद्धटपणा पोटात घालून ड्रिल स्वतः माझ्या हातात दिलं... "आता पाड भोक."

फक्त आता केबल पुरेना. लांब आणि जाड हवी, ती दुकानात नव्हती. काल मालक म्हणाले, "मागंच बसव की लेका. तितं कोण बघायला जातंय?"

डोळ्यासमोर ती चार बोटं आली. एरवी मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. काल फक्त म्हणालो, "मी बघितलंय. केबल घेऊन येतो."

मामा, शिकलो मी आत्ता कुठं...

चपला घातल्या, बाहेर आलो आणि दुकानाचं काचेचं दार हळूच लावून घेतलं.